गाळ आधी कोणी बघायचा? भांडी बाजारातल्या एका दुकानाचं प्रकरण

काकांचं दुकान भांडी बाजारात आहे, आजोबांच्या वेळचं, पागडीचं. ४ ऑगस्ट २०१९ ला रविवारी गंगेला पूर आला (बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) तेव्हा दुकानात कमरेएवढं पाणी होतं आणि शुक्रवारी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तेच दुकान धनत्रयोदशीला असतं तसं चकाचक होतं. सगळं प्रकरण या पाच दिवसांत आहे. कागदपत्रांची पळापळ माझ्याकडे होती, मी अकाउंटचं काम करतो म्हणून घरात असली कामं आपोआप माझ्याच गळ्यात पडतात, त्यामुळे जे लिहितोय ते बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला अगदी जवळ आहे, आणि गोदावरी उगम पावते तिकडे त्र्यंबकला, म्हणजे नदी आमच्याकडे येते तेव्हा ती अजून डोंगरातलीच पोरगी असते, उतार भरपूर, पाणी येतं पण झटक्यात आणि जातंही झटक्यात. सांगलीसारखं आठ आठ दिवस पाणी साचून राहत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पैशांच्या वेळी लागणार आहे. धरणातून किती क्युसेक सोडलं हे दिवसभर मोबाईलवर फिरत असतं, पण जुना बाजार अजूनही दुतोंड्या मारुतीवर चालतो. रामकुंडाजवळची ती मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्याला आलं, असं माणसं एकमेकांना सांगतात आणि त्यावर कोणी माल उचलायचा ते ठरतं. कमरेपर्यंत आलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात, गळ्याला आलं की भांडी बाजार आणि सराफ बाजार खालचा माल पोटमाळ्यावर टाकायला लागतो. त्यात आणखी एक भानगड म्हणजे सराफ बाजार दहीपुलाच्या बाजूला जमिनीखालून सरस्वती नाला जातो, नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, ते उलटं फिरतं आणि गटारीच्या जाळीतून वर येतं. म्हणजे तुम्ही नदीकडे तोंड करून उभे आणि पाणी मागून पायाला लागतं!

२०१६ च्या २ ऑगस्टला, ज्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला त्याच दिवशी, नाशिकमध्येही मोठा पूर होता आणि तेव्हाही दुकानात पाणी आलं होतं. त्यातून काका एकच धडा शिकले होते, की गाळ ओला असताना काढायचा. एकदा वाळला की सिमेंट होतो, फावड्याने निघत नाही, शटरच्या पट्टीत बसला तर शटर बदलावं लागतं. धडा शंभर टक्के बरोबर होता, आणि २०१९ ला तोच अंगाशी आला.

रविवारी दुपारपर्यंत विसर्ग वाढत वाढत ४५ हजार क्युसेकच्या आसपास गेला, मारुती पूर्ण बुडाला. पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती. आम्ही चार जण मिळून जेवढं वर टाकता आलं तेवढं टाकलं, कुकर, मिक्सर, नॉनस्टिकचे बॉक्स वगैरे. तांब्या-पितळेला हात लावला नाही, कारण पितळ पुराला घाबरत नाही, पुठ्ठा घाबरतो. पण पोटमाळ्याची जागा संपली आणि साधारण तीसेक कुकर, दहा-बारा मिक्सर आणि स्टीलच्या डिनर सेटचे खोके खालीच राहिले. मागच्या खोलीत एक आजी राहतात, आमच्याच वाड्यात भाडेकरू, त्यांना आधी वरच्या मजल्यावर नेलं, त्या जायला तयार नव्हत्या, देवघर उचलल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या, मग देव टोपलीत घालून टोपली डोक्यावर घेऊन गेलो. आजींची पिशवी मात्र खालीच राहिली. रेशन कार्ड, बँकेचं पासबुक सगळं त्याच पिशवीत!

रात्री पाणी उतरायला लागलं. सोमवारी सकाळी ५ तारखेला बघतो तर आख्ख्या गल्लीत पोटरीएवढा गाळ, काळपट, गुळगुळीत, वास असा की रुमाल बांधूनही जात नाही. त्या दिवशी नागपंचमी होती आणि पहिला श्रावणी सोमवारही. नागपंचमीला खणू नये, कापू नये असं काकू दरवर्षी बजावते, आणि इकडे सगळा बाजार फावडं घेऊन उभा. त्यात टीव्हीवर त्याच दिवशी काश्मीरच्या कलम ३७० चं सुरू झालं, मग सांगली कोल्हापूर बुडायला लागलं. म्हणजे आमचा पूर बातमीत जेमतेम एक दिवस होता.

आता महापालिकेचं काम कसं झालं ते सांगतो, कारण नाशिकमध्ये बसून पालिकेला शिव्या घालणं सगळ्यात सोपं असतं, पण मी जे बघितलं ते वेगळं होतं. आमच्या भागात सोमवारी दुपारीच स्वच्छतावाले आले. घंटागाडी म्हणजे नाशिकचं स्वतःचं पिल्लू, पण गाळ घंटागाडीत जात नाही, त्याला जेसीबी आणि डंपर लागतो आणि आमच्या गल्लीत जेसीबी शिरत नाही. मग मुकादमाने तोडगा काढला तो असा की दुकानदारांनी आपापल्या दुकानातला गाळ घमेल्याने काढून गल्लीच्या मध्यावर ओढायचा, तिथून पालिकेची माणसं हातगाड्यांनी तोंडापर्यंत नेणार, तोंडाशी जेसीबी भरणार, रात्री दहानंतर डंपर. मंगळवारी अग्निशामकचा बंब आला आणि होज लावून गल्ली धुतली, मागोमाग टीसीएल म्हणजे जंतुनाशक ब्लिचिंग पावडर मारली, संध्याकाळी धूरफवारणी. चिखलातून चालल्याने लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो म्हणून आरोग्यवाल्या ताई गोळ्या देऊन गेल्या, पायाला जखम आहे का ते वाकून बघत होत्या. महावितरणने लाईट बंद ठेवली होती, बुडालेली मीटर वाळल्याशिवाय आणि वायरमनने तपासल्याशिवाय चालू करणार नाही म्हणाले, ते बरंच झालं. एकूण ४८ तासांत गल्ली धुऊन पुसून तयार, एवढ्या जुन्या अरुंद गल्लीत मला हे विशेष वाटलं.

एक सीन मात्र विसरणार नाही. पलीकडे सराफ बाजारात मंगळवारी पहाटे झारेकरी येऊन बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानासमोरची धूळ गोळा करून, पाण्यात घोळून त्यातून सोन्याचे कण काढणारे. पुराने दुकानांच्या फटीतलं, पाटाखालचं, गटारीतलं वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर आणून टाकलेलं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो गाळ म्हणजे माल होता. एक बाई पाटी हलवत होती, गोल गोल, पाणी ओतायची, परत गोल गोल, तळाला काळी वाळू राहीपर्यंत. आणि डोक्यावर मुकादम उभा, "ताई उचलू द्या, गाडी थांबलीय." ती म्हणे, "एवढी पाटी होऊ द्या साहेब, मग न्या." एकाला तो गाळ लवकरात लवकर गायब करायचा आहे आणि दुसऱ्याला त्यात काय आहे ते आधी बघायचंय, आमच्या दुकानाचं जे झालं ते हेच, फक्त तेव्हा मला कळलं नाही.

कारण आपल्याकडे पूर ओसरल्यावर दोन वेगवेगळी सरकारं येतात. एक पालिका. तिचं काम गाळ, पाणी, गटार, रोगराई, रस्ता. दुसरं महसूल खातं, म्हणजे तलाठी, सर्कल (मंडळ अधिकारी), तहसीलदार आणि वर कलेक्टर. मदतीचा पैसा या दुसऱ्या वाटेने येतो, पालिकेच्या नाही. निम्म्या बाजाराला हेच माहीत नव्हतं, लोक मदतीचा अर्ज घेऊन पालिकेच्या विभागीय ऑफिसात जात होते आणि तिथला माणूस बिचारा हात जोडून सांगत होता की अहो तहसीलला जा. पालिकेचं यश म्हणजे गाळ दिसता कामा नये, आणि महसूलचा कागद सुरूच होतो तो समोर दिसणाऱ्या नुकसानापासून. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष जे दिसतं ते लिहिणं. न दिसणारं कसं लिहिणार?

काकांनी काय केलं बघा. सोमवारी गाळ काढला, भिजलेले सगळे खोके, आतले मिक्सर, कुकरसकट, गल्लीत ओढले आणि डंपरमध्ये जाऊ दिले, कारण वास सहन होत नव्हता आणि मुकादम मागे लागला होता. मिक्सरच्या मोटरीत चिखल गेलेला, ते कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. मंगळवार-बुधवार दोन दिवस काका, काकू आणि दोन पोरं चिंच घेऊन बसली, हंडे, कळश्या, समया, घंगाळी सगळं घासलं. गुरुवारी भिंतीला चुना मारला. चुना! पाण्याची रेघ भिंतीवर कमरेच्या उंचीला स्पष्ट दिसत होती, ती एकच गोष्ट पुरावा म्हणून राहिली होती आणि ती पण आम्ही स्वतःच्या हाताने पुसली.

समोरचे बॅगवाले आहेत, त्यांचा माल खरंतर कमी गेला. पण त्यांचा भाचा पुण्याला विम्याचं काम करतो, त्याने फोनवर सांगितलं की एक इंच हलवू नका. त्यांनी भिजलेल्या बॅगा तशाच दुकानात रचून ठेवल्या, शटर अर्धं उघडं, आणि पाच दिवस गल्लीभर तो वास. काका रोज सकाळी त्यांच्याशी भांडायचे, आळशी म्हणायचे, मुकादमही वैतागला, एकदा तर नोटीस काढतो म्हणाला. आरोग्याच्या बाजूने बघितलं तर मुकादम बरोबर होता, त्या बॅगांखालून उंदीर निघाले.

शुक्रवारी ९ तारखेला पंचनाम्याची टीम आली, दोघं जण, हातात छापील फॉर्म. मला त्यांना दोष द्यायचा नाही. दोन माणसं, शेकडो दुकानं, आणि आमच्याच जिल्ह्यात गोदाकाठी सायखेडा चांदोरीकडे गावंच्या गावं पाण्याखाली जाऊन आलेली. बॅगवाल्यांचं वीस मिनिटांत लिहिलं, फोटो काढले, पंचांच्या सह्या झाल्या. मग आमच्याकडे आले. काका काउंटरवर, मागे चकचकीत पितळ, पांढरी शुभ्र भिंत. त्यातला वयस्कर माणूस आत येऊन एकदा सगळीकडे बघून म्हणाला, "शेठ, तुमच्याकडे पाणी आलं होतं का?" काकांचं तोंड मी आजही विसरलो नाही. म्हणजे पाच दिवस मरमर करून जे कमावलं ते एका प्रश्नात उलटं पडलं.

तरी तो माणूस चांगला होता, म्हणाला काही फोटो बिटो आहेत का. माझ्या मोबाईलमध्ये सोमवारचे तीन फोटो होते, त्यातले दोन माझेच सेल्फी, गुडघाभर गाळात उभा राहून, मित्रांना पाठवायला काढलेले. मागे अर्धा खोका दिसतो, त्यावर कुकर लिहिलेलं. शटरच्या आतल्या बाजूला, जिथे चुना पोचला नव्हता, तिथे एक गाळाची रेघ सापडली, ती त्याने टेपने मोजली. आणि मिक्सर-कुकरची खरेदीची बिलं जीएसटीमुळे कॉम्प्युटरवर होती. पण बिल म्हणजे माल घेतला होता याचा पुरावा, तो त्या दिवशी दुकानात होता आणि भिजला याचा नाही. शेवटी "दुकानात पाणी शिरल्याच्या खुणा आढळल्या, मालाचे नुकसान दुकानदाराच्या सांगण्यानुसार" असं लिहिलं गेलं. त्या "सांगण्यानुसार" शब्दाची किंमत मला नंतर कळली.

आता पैशाचं. केंद्राचे आपत्ती मदतीचे जे निकष आहेत (तेव्हा २०१५ ते २०२० चे चालू होते) त्यात दुकानदाराच्या मालाला खणच नाही. शेती आहे, जनावरं आहेत, घर आहे, कारागिराला अवजारासाठी ४१०० आणि कच्च्या किंवा तयार मालासाठी ४१०० होते, म्हणजे आमच्या बाजारात ठोकून भांडी घडवणारा कारागीर बसला असता तर त्याला खण होता, तीच भांडी विकणाऱ्याला नाही. कुटुंबाला कपड्यांसाठी १८०० आणि भांड्यांसाठी २००० होते, पण त्याला अट अशी की घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं पाहिजे. दोन दिवस! मी वर म्हणालो ना, नाशिकचा पूर एका रात्रीत उतरतो. ही अट सपाट मुलखातल्या नदीकडे बघून केलेली आहे, आमच्यासारख्या डोंगराखालच्या गावात बारा तासांत तेवढंच वाटोळं होतं पण नियमात बसत नाही. त्या वर्षी सांगली-कोल्हापूरमुळे राज्य सरकारने हात सैल सोडला, पूरग्रस्त कुटुंबाला शहरात १५ हजार आणि गावाकडे १० हजार असं जाहीर झालं, आणि दुकानदारांसाठीही वेगळा विचार झाला, पण सगळ्याचा पाया पंचनामाच.

आजींचं काम आधी घेतलं, कारण राहतं घर बुडालेलं तेच एक होतं. पण आजींचं रेशन कार्ड लेकाच्या पत्त्यावर नाशिकरोडचं, आधार माहेरच्या गावचं, आणि भाडेपावती आजोबांच्या काळातली, वाड्याच्या मूळ मालकाच्या नावाने. म्हणजे त्या खोलीत गेली ३० वर्षं कोणी राहतच नव्हतं, कागदावर. पासबुकाचा लगदा झालेला, ते मी तव्यावर वाळवलं, खरंच, मंद आचेवर, दोन पानं वाचली. शेवटी लाईटबिल कामाला आलं, सबमीटर होता आणि दर महिन्याची पावती आजींनी पोथीत जपून ठेवलेली. पोथी टोपलीत होती, देवांबरोबर. देवघर उचलल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या ते असं कामाला आलं. रक्कम खात्यात यायला दिवाळी उजाडली, पण आली.

दुकानाचं मात्र लटकलं. बॅगवाल्यांचं झालं. विम्याचं तर आणखी वेगळं, काकांची पॉलिसी बँकेच्या सीसी लोनबरोबर (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) घेतलेली होती, कंपनीचं नाव घेत नाही. हप्ता कमी यावा म्हणून एक वर्षी वादळ-पुराचं कलम काढून टाकलेलं आणि ते काढलंय हे काकांच्या लक्षातच नव्हतं. सही काकांचीच आहे. सर्व्हेअर आला असता तरी त्यालाही भिजलेला माल जागेवर बघायला लागला असता, आणि माल तोपर्यंत पाथर्डीच्या खत प्रकल्पाकडे रवाना झालेला.

मला विचाराल तर इथे आळस कोणाचाच नाही, उलट जो जास्त झटला तोच फटका खाऊन बसला. पालिका दुसऱ्या दिवशी आली, महसूल सहाव्या दिवशी, आणि मधल्या चार दिवसांत काय करायचं हे दुकानदाराला कोणीच सांगितलं नाही. उपाय काही मोठा नाही. मुकादमाबरोबर सोमवारीच एक माणूस मोबाईल घेऊन फिरला असता, दुकानाची पाटी, पाण्याची रेघ, बाहेर ओढलेला माल एवढे तीन फोटो दर दुकानाला काढले असते आणि तेच तहसीलला पाठवले असते, तर गाळ पण उचलला गेला असता आणि पंचनामा पण झाला असता. आमच्या गल्लीने आता हे स्वतःच सुरू केलंय, व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख-वेळ-ठिकाण येणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो टाकायचे, मग फावडं हातात घ्यायचं. माल फेकायचाच असेल तर दोन शेजाऱ्यांच्या सह्यांची यादी करून. पूररेषेचं दुखणं वेगळंच आहे, निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पूरपट्ट्याच्या, आत आहोत म्हणून वाडा पाडून उंच बांधताही येत नाही आणि आहे तसा ठेवला तर दर मोठ्या पुरात आत पाणी. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

दुसऱ्या वर्षी लगेच परीक्षा आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडून जमिनीवर चढलं आणि रात्री नाशिकपर्यंत आलं, तोपर्यंत जोर कमी झालेला तरी वारा आणि पाऊस असा की आमच्या इकडे रात्रभर खिडक्या धरून बसलो होतो. करोनाचे दिवस, बाजार नुकता कुठे उघडायच्या बेतात. झाडं पडली, तारा तुटल्या, लाईट गेली. सकाळी सहाला वाड्यातून फोन की वरच्या मजल्याचे पत्रे उडाले. काका फोनवर ओरडून, "हात लावू नका! कोणी हात लावू नका! आधी फोटो!" मास्क लावून आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. मी रस्त्यात सांगत होतो की पक्क्या घराचं निदान १५ टक्के नुकसान दाखवावं लागतं, चार पत्र्यांत ते बसेल का माहीत नाही, काका म्हणाले बसो न बसो, फोटो पाहिजे.

पोचलो. वर आकाश दिसत होतं. आजी पायरीवर बसलेल्या, कोरड्या, मजेत. पत्रे कुठे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते होय, पहाटे भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकले. चारशे रुपये दिले त्याने. तुम्हीच म्हणता ना पसारा लगेच उचलावा."